डोंगरातल्या शिकारीसाठी ब्रॉडहेडची निवड: प्रकल्प नोंदी

९ मार्च

काय करायचंय ते आधी लिहून ठेवतो, म्हणजे पुढे भरकटायला नको. एकच बाण आणि एकच ब्रॉडहेड (शिकारीच्या बाणाचं धारदार पात्यांचं टोक) ठरवायचं. सावजं दोन: माउंटन गोट आणि म्यूल डिअर हे हरीण. धनुष्य कंपाउंड (टोकांना चाकं असलेलं), ड्रॉ वेट, म्हणजे दोरी ओढायला लागणारा जोर, ६८ पाउंड, ड्रॉ, म्हणजे ओढीची लांबी, २९ इंच. यात बदल नाही. बाण साडेअठ्ठावीस इंचांचा, स्पाइन (दांडीच्या ताठपणाचा आकडा) ३००. शाफ्ट, म्हणजे बाणाची दांडी, बदलायची वेळ शक्यतो येऊ नये.

सपाटीवरच्या हरणासाठी चालणारं ब्रॉडहेड डोंगरात का चालत नाही, हा प्रश्न पहिल्याच दिवशी निकाली काढलेला बरा. डोंगरात आडवा वारा जवळजवळ कायम असतो. जनावर सहसा आपल्या वर किंवा खाली असतं, समोर नसतं. आणि तिसरं म्हणजे बाण लागल्यानंतर काय होतं. माउंटन गोट नावापुरता बकरा, खऱ्या शेळ्यांच्या वंशातला नव्हे, पण कड्यावर राहण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. जखमी झाला की तो मोकळ्या माळाकडे पळत नाही, कड्याकडे सरकतो. तिथून कोसळला तर शिंगं फुटतात, मांस वाया जातं, आणि कित्येकदा त्याच्यापर्यंत पोचताही येत नाही. त्यात दाट केस, जाड कातडं, खांद्यावर भरगच्च स्नायू. म्हणजे बाण आरपार गेला पाहिजे आणि लवकर परिणाम दिसला पाहिजे. खडकावर माग काढणं मऊ मातीइतकं सोपं नसतं. भोकं दोन असतील आणि त्यातलं एक खाली असेल, तरच रक्त जमिनीवर येतं. एकच भोक वरच्या बाजूला असलं की रक्त आत साठतं किंवा केसांत मुरतं.

१६ मार्च

नियमांची उजळणी. अलास्कात माउंटन गोटसाठी किमान ५० पाउंडांचं धनुष्य लागतं, डॉल मेंढ्यासाठी ४० चालतं. बाण किमान २० इंच लांब आणि ३०० ग्रेन (सुमारे १९ ग्रॅम) वजनाचा हवा, ब्रॉडहेडला उलट काटे नकोत. कोलोराडोत धनुष्य किमान ३५ पाउंडांचं, ब्रॉडहेडची रुंदी किमान ७/८ इंच आणि पोलादी धारा किमान दोन. उलट काट्यांवरची बंदी बऱ्याच ठिकाणी आहे, आणि योग्यच आहे. मागच्या बाजूने आकड्यासारखं वळलेलं पातं जखमेत अडकून राहतं, बाण गळून पडत नाही.

ब्रिटनमध्ये धनुष्याने शिकार बंद, जर्मनीतही बंद. भारतात तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीचा प्रश्नच उरला नाही. गंमत ताहर या बकऱ्यासारख्या रानटी प्राण्याची. भारतातल्या हिमालयात त्याला संरक्षण आहे, आणि १९०४ साली न्यूझीलंडच्या डोंगरांत सोडलेल्या त्याच ताहरची पुढे इतकी पैदास झाली की तिथे आता त्याची संख्या कमी करावी लागते. प्राणी तोच, डोंगर बदलला की कायदा बदलतो. मोसमाच्या तोंडावर ताजे नियम पुन्हा वाचायचे. दर वर्षी काही ना काही बदलतं.

२३ मार्च

उमेदवार तीन प्रकारचे घेतले. ब्रँडची नावं इथे लिहीत नाही. प्रकारातला फरक तपासायचा आहे, कंपन्यांची स्पर्धा लावायची नाही.

पहिलं तिपाती: एकसंध पोलादाचं, पाती जागेवर पक्की, व्यास १.१२५ इंच. दुसरं दुपाती: लांबट, अगदी टोकापासून धार, धार एकतर्फी (पात्याच्या एकाच बाजूने उतार दिलेली), मुख्य पात्याची रुंदी १.०६ इंच, आणि त्याला काटकोनात ०.७५ इंचांची छोटी उपपाती. (ही कल्पना जुनीच. धनुष्यबाण बनवणाऱ्या फ्रेड बेअर यांच्या १९५६ च्या रेझरहेड या ब्रॉडहेडमध्ये मोठ्या दुपात्याला आडवं छोटं पातं होतं.) तिसरं उघडणारं: उडताना पाती मिटलेली, लागताच उघडून दोन इंच. तिन्ही १२५ ग्रेनचे घेतले. शक्य तिथे १०० ग्रेनचेही मागवले.

डब्यावर व्यास मोठ्या अक्षरात छापलेला असतो आणि त्यालाच लोक भुलतात. व्यासापेक्षा कापाची एकूण लांबी मोजायला हवी. तिपातीत मध्यापासून निघणारी तीन पाती, प्रत्येक व्यासाच्या निम्मी, म्हणजे ०.५६ गुणिले तीन, सुमारे १.६९ इंच. दुपाती आणि उपपाती मिळून १.८१. दोन इंची उघडणाऱ्याची २. डब्यावरच्या आकड्यांत दुपटीचा फरक दिसतो, प्रत्यक्ष कापात तो फार थोडा उरतो. शिवाय दोन इंचांची एकच सरळ चीर मिटू शकते. तीन किंवा चार दिशांना फाटलेलं भोक तितकं सहज मिटत नाही.

५ एप्रिल

वजनकाटा, वेग मोजणारा क्रोनोग्राफ आणि बाण तोलायला एक धारदार कड. दिवस यातच गेला.

१०० ग्रेनचं टोक लावून बाण ४७० ग्रेन, वेग सेकंदाला २७२ फूट. १२५ चं लावून ४९५ ग्रेन, वेग २६६. १२५ चं टोक आणि आत ५० ग्रेन जास्तीचं पितळी इन्सर्ट (टोक बसवायचा शाफ्टच्या तोंडातला भाग), मिळून ५४५ ग्रेन, वेग २५५. (एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम. ५४५ ग्रेनचा बाणही ३५ ग्रॅमच्या आसपासच येतो.)

ऊर्जा फूट-पाउंडांत काढायची तर ग्रेन गुणिले वेगाचा वर्ग, भागिले ४,५०,२४०. आकडे आले ७७.२, ७७.८ आणि ७८.७. म्हणजे ऊर्जा जवळपास तीच. धनुष्य जेवढं देतं तेवढं देतं, जड बाण त्यातलं किंचित जास्त उचलतो एवढंच. संवेगात फरक दिसतो: ०.५६७, ०.५८४, ०.६१७. हाडात आणि स्नायूत बाण किती पुढे सरकतो हे ठरवताना मी संवेगाचा आकडा बघतो. ऊर्जेचा आकडा जाहिरातीत शोभतो.

तोलबिंदू नॉकच्या (बाणाच्या मागच्या, दोरीत बसणाऱ्या टोकाच्या) खाचेपासून मोजला: १७.३, १७.९ आणि १८.८ इंच. बाणाच्या मध्यापासून तो किती पुढे आहे याची टक्केवारी अनुक्रमे सुमारे ११, १३ आणि १६. पुढे जड असलेला बाण लवकर सरळ होतो, आणि पुढच्या पात्यांची मनमानी कमी चालते.

जड बाणाविरुद्ध नेहमीचा आक्षेप असा की तो फार खाली जातो. हवेचा विरोध बाजूला ठेवून गणित करून बघितलं. ५० यार्डांवर अंतराचा अंदाज तीन यार्डांनी चुकला, तर ४७० ग्रेनचा बाण साडेतीन इंच चुकेल आणि ५४५ ग्रेनचा चार इंच. अर्ध्या इंचावरून एवढं रण पेटवायचं कारण नाही, विशेषतः अंतर मोजणारा रेंजफाइंडर खिशात असताना.

६ एप्रिल

पिसं न लावलेले बाण मारून पाहिले. ४९५ चे पिसांच्या बाणांजवळच बसले. ५४५ चे ठळकपणे उजवीकडे. मी उजव्या हाताचा, म्हणजे स्पाइन ढिला पडतोय. स्पाइनचा आकडा असा मिळतो: २८ इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर शाफ्ट ठेवून मध्ये ८८० ग्रॅमचं वजन टांगायचं. शाफ्ट ०.३०० इंच लवला तर स्पाइन ३००. आकडा लहान तेवढा शाफ्ट ताठ. पण हे झालं स्थिर माप. धनुष्यातून सुटताना पुढचं वजन वाढलं की तोच शाफ्ट जास्त वाकतो. ५४५ वर जायचं तर २५० स्पाइनचा शाफ्ट घ्यावा लागेल. सध्या ४९५ वर थांबतो.

१९ एप्रिल

बाण जनावरात किती शिरतो यावरचे एड अ‍ॅशबी यांचे अहवाल पुन्हा चाळले. या विषयात त्यांच्याइतकं चिकाटीचं काम दुसऱ्या कोणाचं सहसा दाखवता येणार नाही. १९८० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतात सुरुवात, पुढे ऑस्ट्रेलियात रेड्यांवर. प्रत्यक्ष जनावरात बाण कुठे शिरला, किती शिरला, काय मोडलं, याच्या नोंदी. जड हाड भेदायचं तर बाण सुमारे ६५० ग्रेनच्या पुढे हवा, पातं रुंदीच्या तिप्पट लांब हवं, धार एकतर्फी हवी, वजन पुढे हवं, आणि सगळ्यात आधी बाण मोडता कामा नये, असं त्यांचं सांगणं.

त्यातलं कोणतं घ्यायचं? पात्याची लांबट उतरण घ्यायची. पाचरीचं साधं तत्त्व आहे, उतार हलका तर जोर कमी लागतो. एकतर्फी धारही घ्यायची. तिच्यामुळे पातं मांसात शिरल्यावरही फिरत राहतं आणि हाडाला भोक पाडून न थांबता ते तडकवतं. मजबुती तर घ्यायचीच. ६५० चा आकडा मात्र मी घेत नाही. तो रेड्याच्या बरगड्यांसाठी आहे आणि त्यामागच्या चाचण्यांत पारंपरिक, कमी वेगाच्या धनुष्यांचा मोठा वाटा आहे. माउंटन गोट दणकट असला तरी रेडा नव्हे. काही मंडळी ६५० चा मंत्रासारखा जप करतात. मूळ अहवाल वाचले तर त्यात संदर्भ स्पष्ट दिलेला आहे.

३ मे

इन्सर्टच्या तोंडाला काटकोन आणण्याचं काम. शाफ्ट कापल्यावर कड डोळ्यांना सरळ दिसते, तशी ती नसते. कडेला मार्करने काळं करायचं, घासणीवर फिरवायचं, काळं सगळीकडून सारखं गेलं की झालं. मग ब्रॉडहेड घट्ट बसवून बाण दोन चाकांवर गरगर फिरवायचा आणि टोकाकडे बघायचं. टोक जागेवर स्थिर दिसलं तर पास. लटपटलं तर ब्रॉडहेड बदलून बघायचं. तरीही लटपटलं तर दोष शाफ्टचा.

एकसंध तिपाती या परीक्षेत सगळ्यात चांगली. दुपातीतलं एक टोक सरळ बसेना, ते परत पाठवलं. उघडणाऱ्यांपैकी एका टोकाची मिटलेली पाती दोन्हीकडे सारखी टेकत नाहीत. फिरवताना दिसतं, उडताना फरक पडतो का ते कळेल.

पाती पिसांच्या रेषेत बसवायचा आग्रह काही जण धरतात. मी दोन्ही प्रकारे मारून बघितलं, फरक नाही.

१७ मे

ब्रॉडहेड आणि फिल्ड पॉइंट (सरावाचं बिनपात्याचं टोक) एकाच जागी लागले पाहिजेत. सुरुवातीला ४० यार्डांवर तिपाती फिल्ड पॉइंटच्या डावीकडे आणि किंचित खाली. नियम असा की रेस्ट (धनुष्यावर बाण टेकतो तो आधार) फिल्ड पॉइंटच्या दिशेला सरकवायची: ब्रॉडहेड डावीकडे तर रेस्ट उजवीकडे, ब्रॉडहेड खाली तर रेस्ट वर. एका वेळी इंचाचा बत्तिसावा भाग, त्याहून जास्त नाही. दोन्ही दिशांना एकदम हात घालायचा नाही, आधी आडवं जुळवायचं, मग उभं.

जुळलं. आधी तिपाती, आणि त्याच सेटिंगवर दुपातीही. याला महत्त्व आहे. धनुष्य नीट जुळलं की स्थिर पात्यांची बहुतेक टोकं एकाच जागी जातात. माझं धनुष्य स्थिर पात्यांची टोकं नीट मारत नाही म्हणून उघडणारी घेतली, असं सांगणाऱ्यांच्या धनुष्यात बऱ्याचदा दुखणं असतं आणि उघडणारं टोक ते झाकतं.

३१ मे

वाऱ्याचा दिवस. याचीच वाट बघत होतो. वारा उजवीकडून, ताशी १५ किलोमीटरच्या आसपास, मधूनमधून झोत. अंतर ६० यार्ड.

ब्रॉडहेडचा बाण म्हणजे पुढे-मागे दोन सुकाणू असलेली नाव. मागची पिसं बाणाला सरळ ठेवतात, पुढची पाती त्याला आपल्याकडे ओढतात. फिल्ड पॉइंटच्या बाणात हवेचा दाब तोलबिंदूच्या बराच मागे पडतो, म्हणून वाऱ्यात तो स्वतःला सावरतो. पुढे पाती लावली की दाबाचं केंद्र पुढे सरकतं आणि सावरण्याची ताकद कमी होते. उपाय दोन. पिसं मोठी करायची, नाहीतर तोलबिंदू पुढे न्यायचा. मोठी पिसं स्वतःच वारा पकडतात, बाण एका बाजूला वाहतो. म्हणून डोंगरासाठी मला दुसरा उपाय जास्त पटतो. पिसं बुटकी, पण चांगला पीळ दिलेली.

निकाल: उघडणारं फिल्ड पॉइंटबरोबरच वाहिलं, फरक काढता येत नाही इतकं. दुपाती त्याच्याहून साधारण दोन बोटं जास्त. खिडक्या (पात्यांत कापलेली आरपार भोकं) असलेली एक तिपाती जास्तीची म्हणून आणली होती, ती चार बोटं. एकसंध, बिनखिडकीची तिपाती त्याहूनही थोडी जास्त, आणि झोत आला की तिच्या बाणांचा समूह पसरतो. ज्या टोकाची पाती असमान टेकत होती, ते उघडणारं एकदा हवेतच उघडलं असावं. बाण टार्गेटच्या कडेला लागला. ते टोक बाद.

उघडणाऱ्यांच्या बाजूने हे प्रामाणिकपणे लिहून ठेवलं पाहिजे. वाऱ्यात ती सरस आहेत. त्यात वाद नाही.

१ जून

हात दुखतोय. आज फक्त टार्गेटमध्ये रुतलेली पाती काढली.

१४ जून

तिरप्या माऱ्याची चाचणी. फोमसमोर प्लायवुडची फळी, तिच्यावर जाड चामडं, आणि फळी ४५ अंशांनी कललेली. ही काही जनावराची नक्कल नव्हे. फोम शाफ्टला घर्षणाने धरून ठेवतो, मांस तसं धरत नाही. त्यामुळे बाण किती इंच आत गेला याची तुलना मी करतच नाही. बघायचं इतकंच की तिरपा लागल्यावर टोक चावा घेतं की घसरतं, आणि पाती शाबूत राहतात का. पोलादी पिंपावर बाण मारून दाखवणारी मंडळी नेमकं काय सिद्ध करतात ते मला अजून उमगलेलं नाही. डोंगरात पिंपं चरत नाहीत.

दुपाती लागल्या जागी शिरली, दर वेळी. तिपातीचं छिन्नीसारखं टोक किंचित सरकून मग शिरलं. उघडणाऱ्याचं एक पातं आधी टेकलं, उघडलं आणि त्याने बाणाची शेपटी बाजूला फेकली. फळीतलं भोक लांबुळकं. एका टोकाचं पातं वाकलं.

जोडीदार सोबत होता. तो गेली काही वर्षं उघडणारंच वापरतो आणि त्याची हरणं मिळतातही. म्हणाला, "अरे, पण फऱ्यावर, खांद्याच्या हाडावर, मारायचंच कशाला? मागे मार, बरगड्यांत. तिथे काहीही चालतं."

"फऱ्यावर कोण मुद्दाम मारतंय? बाण सुटल्यावर जनावरानं एक पाऊल टाकलं तर?"

"आणि वाऱ्यात तुझं दुपाती दोन बोटं वाहतं, त्याचं काय?"

"वारा मला बाण सोडायच्या आधी कळतो. नाही पटला तर सोडत नाही. हाड नंतर लागतं, तेव्हा माझ्या हातात काही नसतं."

तो हसला, पण पटलं असं नाही म्हणाला. मला मात्र वादाच्या ओघात माझं उत्तर सापडलं. सोडण्याआधी दिसणारी अडचण माणसाने सांभाळायची. सोडल्यानंतरची अडचण टोकाने सांभाळली पाहिजे. टोकाची निवड दुसऱ्या यादीवरून करायची, पहिल्या यादीवरून नाही.

२८ जून

उतारावरून मारण्याचा सराव. गुरुत्वाकर्षण बाणाला ओढतं ते आडव्या अंतराच्या हिशेबाने. जनावर ३० अंश खाली आणि सरळ रेषेत ४० यार्डांवर असेल, तर मारायचं साडेचौतीसच्या हिशेबाने. रेंजफाइंडर हे गणित स्वतः करतो. धनुष्य खाली झुकवायचं ते कमरेतून, हाताने नाही, नाहीतर ड्रॉची लांबी बदलते.

टोकाच्या निवडीशी याचा संबंध असा. वरून मारलेला बाण वर शिरतो आणि खाली निघतो, पण आतली वाट लांब आणि तिरकी होते. सपाटीवरची नेहमीची जागा धरली तर एकच फुप्फुस छेदून बाण निघून जाऊ शकतो. एका फुप्फुसावर जनावर मैलभर जातं. दोन्ही छेदली तर सहसा काही सेकंदांत कोसळतं. म्हणून नेम धरायचा तो बाण कुठून बाहेर निघेल ते मनात पक्कं करून. तिरक्या वाटेवर बरगडीही तिरपी लागते, म्हणजे १४ जूनची चाचणी डोंगरात अपवाद नाही, रोजची गोष्ट आहे.

१२ जुलै

धार. मला विचाराल तर बाकी सगळ्या चाचण्यांपेक्षा ही नोंद मोठी, पण लोक हिच्यावर सगळ्यात कमी वेळ घालवतात.

रक्तवाहिनी लवचिक असते. बोथट धारेपुढे ती बाजूला सरकते किंवा फाटते, आणि फाटलेली वाहिनी आकसते, तिथे रक्त लवकर गोठतं. वस्तऱ्यासारख्या धारेने स्वच्छ कापलेली वाहिनी वाहत राहते. म्हणजे बोथट ब्रॉडहेडने जनावर वाचतं असं नाही, ते उशिरा आणि लांब जाऊन मरतं. त्याहून वाईट काही नाही.

डब्यातून निघालेल्या टोकांची परीक्षा ताणलेल्या रबरबँडवर घेतली. धार रबरावर नुसती टेकवायची, दाबायची नाही. तिपातीतल्या एका टोकाची दोन पाती पास, तिसरं घसरलं. दुपातीची मुख्य धार चांगली, उपपाती सामान्य. नवीन म्हणजे धारदार, असं समजून चालत नाही.

तिपातीला धार लावायची सोय अशी की सपाट दगडावर दोन पाती एकदम टेकतात. पुढे ढकलायचं, फिरवायचं, पुढची जोडी. कोन आपोआप मिळतो. दुपातीच्या एकतर्फी धारेला २५ अंशांचा कोन राखावा लागतो, त्यासाठी पकड घेतली. आधी खरखरीत दगड, सपाट बाजूला बारीक फिरलेली कड बोटाला जाणवेपर्यंत. मग बारीक दगड. मग सपाट बाजू एकदा अलगद फिरवून ती कड काढायची. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर. हाताचे केस उडाले की थांबायचं. त्यापुढे नुसतं पातं झिजतं.

एकतर्फी धारेत डावं-उजवं असतं. पिसांचा पीळ उजवा तर धारही उजवी हवी. उलट असेल तर हवेत बाण एका बाजूला फिरतो आणि मांसात दुसऱ्या, म्हणजे एकतर्फी धारेचा सगळा फायदा गेला.

पोलादाबद्दल थोडं. ब्रॉडहेडचं पोलाद बहुधा कडकपणाच्या रॉकवेल सी मापावर ५२ ते ५८ च्या दरम्यान असतं. वरच्या टोकाचं धार टिकवतं पण हाडावर तुकडा उडू शकतो, खालच्या टोकाचं वाकतं पण तुटत नाही. मला मधलं बरं वाटतं. जास्त कार्बनचं पोलाद पाजवायला गोड, पण पावसात एका रात्रीत गंजतं. धारेवर मेण किंवा व्हॅसलिनचा पातळ हात मारायचा.

सरावाची टोकं आणि शिकारीची टोकं आजपासून वेगळी. फोममध्ये एकदा गेलेलं टोक पुन्हा पाजवल्याशिवाय शिकारीच्या डब्यात जाणार नाही. दांड्यावर खुणा केल्या.

१९ जुलै

आवाज. फोन टार्गेटशेजारी आडोशामागे ठेवून रेकॉर्ड केलं. खिडक्यांची तिपाती शीळ घालत येते, स्पष्ट. बिनखिडकीची तिपाती आणि दुपाती यांचा नुसता सुस्कारा. उघडणारं सगळ्यात शांत.

४० यार्डांवर बाणाला अर्ध्या सेकंदाहून थोडा कमी वेळ लागतो, दोरीचा आवाज सेकंदाच्या एक दशांशात पोचतो. उरलेल्या वेळात बिचकलेलं जनावर बरंच खाली दबू शकतं. मग दोरीचा आवाज पोचल्यावर शीळही त्याच्याकडे येत असेल, तर ती कशाला हवी? खिडक्यांची तिपाती बाद.

२ ऑगस्ट

उंचावर, सुमारे ३,००० मीटरवर सराव. इथे हवेची घनता समुद्रसपाटीपेक्षा पावपट कमी. बाण लांब अंतरावर किंचित वर लागतात, साइटच्या (नेम धरायच्या साधनाच्या) खुणा ६० यार्डांवर थोड्या बदलल्या. ब्रॉडहेड आणि फिल्ड पॉइंट मात्र खाली जुळले तसेच इथेही जुळले. कारण सरळ आहे. विरळ हवेत पुढच्या पात्यांचा जोर घटतो, तेवढाच मागच्या पिसांचाही घटतो.

सकाळी थंड हवा दरीकडे उतरते, ऊन तापलं की वर चढते. वळणाच्या वेळी दोन्ही दिशांनी झोत येतात. त्या वेळात दुपातीचा समूहही ५० यार्डांवर बिघडला. म्हणजे तो काळ बाण सोडायचा नाही, बसून राहायचा.

१६ ऑगस्ट

निर्णय. दुपाती, १२५ ग्रेन, एकतर्फी उजवी धार, उपपाती लावून. बाण ४९५ ग्रेन.

एकसंध तिपाती दुसऱ्या क्रमांकावर, आणि फार मागे नाही. तिची मजबुती जास्त, धार लावणं सोपं, चाकांवर ती सगळ्यात सरळ. वाऱ्यात ती पसरली नसती तर निकाल फिरला असता. कमी वाऱ्याच्या, झाडीच्या प्रदेशात मी तीच घेईन. उघडणारं माझ्या या कामासाठी नाही. फक्त म्यूल डिअर असता, ४० यार्डांच्या आत आणि बाजूने उभा, तर जोडीदाराचं म्हणणं मी मान्य केलं असतं.

उपपाती ठेवायची की काढायची यावर बराच घोळ घातला. काढली तर बाण जास्त खोल शिरतो, ठेवली तर भोक मिटत नाही. फऱ्यावर ती मोडून पडली तरी मुख्य पातं पुढे जातं, बरगड्यांत ती आपलं काम करते. ठेवली.

अंतराची मर्यादा: वारा शांत असेल तर ५० यार्ड, गवत आडवं झुलत असेल तर ३०. म्यूल डिअरलाही तीच.

२३ ऑगस्ट

भाता भरला. त्याची टोपी आतून फोमची, आणि पातं रोज त्यात खुपसून काढलं की धारेवर परिणाम होतो. शिवाय फोम ओल धरतो. म्हणून बाण एकदा बसवला की उगाच काढायचा नाही. टोपी टोकं पूर्ण झाकते ना, हे उलटं धरून आणि हलवून पाहिलं. डोंगरात पाय घसरला आणि उघडं पातं मांडीत गेलं, तर मदत यायच्या आत माणूस जाऊ शकतो. चढताना दोरीवर बाण नाही. कितीही जवळ पोचलो तरी नाही.

टोकांचे आटे प्रवासात सैल होतात. रोज सकाळी पान्याने एकदा तपासणं, आणि संध्याकाळी भिजलेली पाती पुसून व्हॅसलिन. पिशवीत पाना, छोटा बारीक दगड, चामड्याची पट्टी. भात्यातल्या एका बाणाला फिल्ड पॉइंट आहे. तळावर पोचल्यावर पहिला बाण तोच मारायचा, आणि साइट हलली आहे का बघायचं.